शब्द दिसतो, पण सापडत नाही
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत मजकूर आणि माहिती अर्थाच्या आधाराने शोधणे, नोंदी एकमेकींना जोडणे, नावे ओळखणे या विषयांवरचे प्रश्न सर्वांत जास्त होते. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. तिथे दुखणेही तसेच आहे.

प्रश्न : संग्रहातली वीस हजार पाने मराठीत टंकित केलेली आहेत. ‘दऱ्या’ हा शब्द शोधला की निम्मीच पाने मिळतात. उरलेल्या पानांवर तोच शब्द डोळ्यांना दिसतो, शोधाला मात्र दिसत नाही. अर्थावर चालणारे मॉडेल (भरपूर मजकुरावरून शिकलेला प्रोग्राम) बसवले तर हे सुटेल का?

सुटणार नाही, उलट झाकले जाईल. मॉडेल जवळपासचे काहीतरी आणून देईल आणि निम्मा संग्रह हरवल्याचे कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्यामुळे आधी अक्षरांकडे पाहू.

संगणक अक्षराचे चित्र पाहत नाही, त्यामागचे युनिकोड क्रमांक, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले आकडे, जुळवतो. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. एक प्रकार म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त. दुसरा म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. युनिकोडचे प्रमाणीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते हे दोन प्रकार एक करत नाही. म्हणून हा नियम स्वतःच लिहावा लागतो : ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ दिसले की त्याजागी ‘ऱ, हलन्त’ ठेवायचे. त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे पुसायची. क्रम उलटा झाला, आधी जोडचिन्हे पुसली, तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्रातला दर्या होतो. आणि ही चूक मूळ प्रत जपली नसेल तर परत फिरवता येत नाही.

असेच आणखी काही जुळे :

‘ॲ’ हे एकच अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर अर्धचंद्र दिलेला असतो. ही जोडीही एनएफसीने एक होत नाही. नियम हाताने लिहावा. नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, अक्षरांत एनएफसीचे वागणे चमत्कारिक आहे : ‘र’ आणि नुक्ता यांचे ते ‘ऱ’ करते, पण ‘ड’ आणि नुक्ता सुटेच ठेवते, एकत्र असले तर उलट सुटे करते. चूक नाही, नियमच तसा आहे. मात्र सारा संग्रह आणि शोधायचा शब्द दोन्ही त्याच गाळणीतून गेले पाहिजेत. याशिवाय विसर्गाच्या जागी टंकलेला कोलन आणि देवनागरी अंकांत मिसळलेले रोमन अंक बघावेत. ‘संबंध’ आणि ‘सम्बन्ध’ ही जोडी शोधाच्या इंडेक्समध्ये (शोधासाठी बनवलेल्या सूचीत) एक करावी, मूळ मजकुरात नाही.

तयार सफाई-नियम वापरताना सावध राहा. लुसीन या शोधासाठीच्या प्रोग्राम-संचातला हिंदीचा नॉर्मलायझर, म्हणजे अक्षरे एकसारखी करणारा भाग, ‘ऱ’चा ‘र’ करतो आणि दीर्घ स्वर ऱ्हस्व करतो. त्याच्या दृष्टीने दीन आणि दिन एकच. हिंदीत ते चालून जात असेल. मराठीत तोटा जास्त.

मॉडेलच्या बाबतीत याहून वाईट प्रकार आहे. बर्ट नावाच्या भाषा-मॉडेलच्या ‘अनकेस्ड’, म्हणजे रोमन मोठी-लहान अक्षरे एकच मानणाऱ्या, जातीत मजकूर आत घेताना ‘स्वराघात काढा’ अशी पायरी असते. इंग्रजीसाठी ती निरुपद्रवी. देवनागरीत मात्र उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे युनिकोडमध्ये त्याच वर्गात बसतात, त्यामुळे ती साफ उडतात. काना, वेलांटी आणि ओकार तेवढे वाचतात. परिणामी मूल, मेल आणि मल या तिघांचा ‘मल’ होतो. बहुभाषक बर्ट वापरायचे तर ‘केस्ड’ आवृत्ती घ्या. आणि कोणतेही मॉडेल घेतले तरी पहिल्यांदा त्याच्या टोकनायझरला, म्हणजे मजकुराचे तुकडे (टोकन) करणाऱ्या भागाला, ‘मूल’ आणि ‘मेल’ द्या, बाहेर काय येते ते वाचा. दोन मिनिटांचे काम आहे.

पाने युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टांत टंकलेली असतील तर वरचे काहीच लागू नाही. तिथे आत रोमन चिन्हांचे क्रमांक असतात, फक्त चित्र देवनागरी दिसते. प्रत्येक फॉन्ट-कुटुंबाचा तक्ता वेगळा आणि ऱ्हस्व वेलांटी बहुधा व्यंजनाच्या आधी साठवलेली. रूपांतरानंतर शब्दाच्या सुरुवातीला सुटी वेलांटी उरली आहे का, हे शोधले की बहुतेक बिघाड पकडले जातात. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात जोडाक्षरे फुटलेली दिसली तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. पान ३०० डीपीआयने प्रतिमा करून पुन्हा ओसीआर करणे, म्हणजे चित्रातली अक्षरे यंत्राकडून वाचून घेणे, कमी त्रासाचे. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्राममध्ये मराठीचे मॉडेल आहे.

प्रश्न : ‘देऊळ’ शोधल्यावर ‘देवळात’ मिळत नाही. प्रत्यय काढून टाकणारा छोटा प्रोग्राम पुरेल ना?

अर्धे काम करेल. मराठीत शब्दाला प्रत्यय लागण्याआधी शब्दच बदलतो, सामान्यरूप होते, आणि खरी अडचण तिथे आहे. ‘घरासमोरच्या’तून मागून पुढे ‘च्या’, ‘समोर’, मग सामान्यरूपाचा ‘आ’ सोडवत गेले की ‘घर’ हाती लागते. पण ‘देवळात’मधून ‘आत’ काढल्यावर ‘देवळ’ उरते, ‘देऊळ’ नाही. देऊळ-देवळा, मूल-मुला, पाणी-पाण्या अशा बदलांचा तक्ता लागतोच. शब्दाच्या शेवटाप्रमाणे गट पाडले तर बहुतांश नामे थोड्या नियमांत बसतात; उरलेल्यांची यादी करावी.

उलट बाजूची चूक म्हणजे प्रत्यय नसताना तो काढणे. ‘हात’मधला त काढला तर ‘हा’ उरतो. भात, वात, रात यांचीही तीच गत. म्हणून काढल्यानंतर निदान दोन अक्षरे उरावीत अशी अट आणि अपवादांची यादी ठेवा.

काही जण तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून शोधतात. ‘घोडा’ आणि ‘घोड्याला’ यांत ‘घोड’ हा तुकडा समान असल्याने ते जुळतात. ‘देऊळ’ आणि ‘देवळात’ यांत मात्र एकही तुकडा समान नाही. करून बघा. तुकड्यांची पद्धत टंकनदोषांसाठी उत्तम, सामान्यरूपासाठी भरवशाची नाही.

प्रश्न : एम्बेडिंगवर चालणारा शोध बसवला. ‘जमीन वादाचे निकाल’ लिहिले तर सुरेख निकाल येतात, पण ‘अ-२४७/१९८६’ हा फाइल क्रमांक दिला की भलत्याच फाइली वर येतात. मॉडेल बदलावे का?

मॉडेल बदलून फरक पडणार नाही. एम्बेडिंग म्हणजे मजकुराच्या अर्थाचे काही शे अंकांत केलेले टिपण. ‘अ-२४७/१९८६’ला अर्थ नाही, ओळख आहे. टोकनायझर त्याचे ‘अ’, ‘२४’, ‘७’, ‘१९’ असे काहीतरी तुकडे करतो आणि मॉडेलच्या लेखी तो ‘अ-२४९/१९८६’चा सख्खा शेजारी ठरतो.

क्रमांक, संक्षेप आणि विशेषनामे यांसाठी जुना शब्दाधारित शोधच हवा. बीएम-२५ ही १९९०च्या दशकातली गुणांकन पद्धत अजून पाय रोवून आहे, आणि तिच्यामागचा ‘दुर्मीळ शब्दाला जास्त वजन’ हा विचार कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२मध्ये मांडला. तिचे दोन मापदंड, के-१ = १.२ आणि बी = ०.७५, सुरुवातीला तसेच ठेवा. फाइल क्रमांकासाठी मात्र स्वतंत्र रकाना करा आणि तो न तोडता अखंड साठवा. शब्दशोधातलाही टोकनायझर तिरप्या रेघेवर क्रमांक तोडतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

मग दोन्ही शोध एकत्र कसे करायचे? गुणांची बेरीज करू नका. बीएम-२५चे गुण शून्यापासून कितीही वर जातात, अर्थशोधात दोन एम्बेडिंगांची जवळीक मोजणारा कोसाइन एकाच्या आत राहतो. २००९मध्ये मांडलेली आरआरएफ ही पद्धत गुण बाजूला ठेवते आणि फक्त क्रमांक बघते : प्रत्येक यादीत कागद ज्या क्रमांकावर असेल त्यात ६० मिळवायचे, १ला त्या संख्येने भागायचे, दोन्ही याद्यांतले उत्तर मिळवायचे. दोन्हीकडे पाचवा असलेल्या कागदाला १/६५ अधिक १/६५, म्हणजे ०.०३०८ मिळतात. एकीकडे पहिला, दुसरीकडे चाळिसावा असलेल्याला १/६१ अधिक १/१००, म्हणजे ०.०२६४. दोन्हीकडे बऱ्यापैकी असलेला पुढे जातो, आणि सहसा ते बरोबरही असते.

फाइल क्रमांकाच्या बाबतीत मात्र हीच पद्धत दगा देते. नेमकी हवी असलेली फाइल शब्दशोधात पहिली आली आणि अर्थशोधाच्या यादीत आलीच नाही, तर तिला ०.०१६४ मिळतात. दोन्हीकडे पन्नासाव्या क्रमांकावर रेंगाळणाऱ्या फाइलीला ०.०१८२. म्हणजे खरी फाइल हरली. उपाय साधा आहे : शोधाचा मजकूर फाइल क्रमांकाच्या साच्यात बसतो का, हे आधी तपासा. बसला तर एकत्रीकरण करूच नका, थेट अखंड रकान्यात शोधा.

पहिले ५० निकाल मिळाल्यावर क्रॉस-एन्कोडर जातीचे मॉडेल लावून पुन्हा क्रम लावला तर वरच्या दहांचा दर्जा बहुधा स्पष्ट सुधारतो. ते प्रश्न आणि उतारा एकत्र वाचते म्हणून अचूक, आणि म्हणूनच संथ. संपूर्ण संग्रहावर चालवण्याची वस्तू नव्हे.

प्रश्न : लांब उताऱ्यांच्या शेवटी असलेली माहिती शोधात कधीच येत नाही. का?

बहुधा ती मॉडेलपर्यंत पोहोचतच नाही. प्रत्येक मॉडेलला टोकनांची मर्यादा असते आणि तिच्यापुढचा मजकूर गुपचूप कापला जातो. इशारा येत नाही. पॅराफ्रेज-मल्टिलिंग्वल-मिनीएलएम हे लोकप्रिय मॉडेल मुळात १२८ टोकनांवर थांबते. बहुभाषक ई-५ ५१२वर, बीजीई-एम३ ८,१९२वर. बहुभाषक मॉडेलांत एका मराठी शब्दाचे दोन-तीन तुकडे सहज होतात, म्हणजे १२८ टोकनांत पन्नास-साठ शब्द. चारशे शब्दांचा उतारा दिला तर पहिला परिच्छेद सोडून बाकी सारे वाया.

शब्द मोजू नका, त्याच मॉडेलच्या टोकनायझरने टोकन मोजा. तुकडे परिच्छेदाच्या सीमेवर पाडा, शेजारच्या तुकड्यांत दहा-पंधरा टक्के मजकूर सामाईक ठेवा आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी प्रकरणाचे शीर्षक जोडा. ‘त्याने ती नाकारली’ एवढेच वाक्य एकटे सापडून काय कामाचे? तक्ते तर ओळीगणिक लिहून काढा, प्रत्येक ओळीत रकान्याच्या नावासकट. रकान्याची नावे पहिल्या तुकड्यात आणि आकडे तिसऱ्या तुकड्यात गेले की आकड्यांना धनी उरत नाही.

ई-५ वापरत असाल तर आणखी एक : शोधाच्या मजकुराआधी ‘क्वेरी’ आणि संग्रहातल्या उताऱ्याआधी ‘पॅसेज’ हा शब्द, कोलन आणि एक मोकळी जागा जोडावी लागते, तीही इंग्रजी अक्षरांतच. हे विसरले तरी प्रोग्राम चालतो. निकाल मात्र घसरतात.

प्रश्न : कोसाइन साम्य ०.८च्या वर असेल तरच निकाल दाखवायचा, असे ठरवले. तरी काहीही दाखवतो.

०.८ हा आकडा एका मॉडेलवरून दुसऱ्यावर नेता येत नाही. ई-५ ज्या रीतीने शिकवले आहे त्यामुळे त्याचे गुण बहुतेक ०.७ ते १.० यांतच दाटतात. संबंध नसलेले उतारेही ०.७५ घेतात. त्यात क्रम विश्वासार्ह असतो, आकडा नाही. मर्यादा हवीच असेल तर स्वतःच्या संग्रहातल्या शंभर बरोबर आणि शंभर चुकीच्या जोड्या मोजा आणि दोहोंना वेगळे करणारी रेघ तिथे शोधा. मॉडेल बदलले की पुन्हा मोजा.

प्रश्न : दहा लाख उताऱ्यांसाठी किती मेमरी लागेल?

७६८ मितींचे, म्हणजे प्रत्येक उताऱ्याचे ७६८ अंक करणारे, मॉडेल, प्रत्येक अंक ४ बाइट : एका उताऱ्याचे ३,०७२ बाइट, दहा लाखांचे सुमारे ३.०७ जीबी. जलद शोधासाठी लागणारा एचएनएसडब्ल्यू ग्राफ (जवळच्या उताऱ्यांना जोडणारे जाळे), त्याचा दुव्यांची संख्या ठरवणारा एम हा मापदंड १६ असेल तर, तळच्या थरात प्रत्येक उताऱ्यामागे ३२ दुवे ठेवतो. म्हणजे आणखी साधारण १२८ एमबी आणि वर किरकोळ. अंक एका बाइटात दाबले तर ३.०७चे ०.७७ जीबी होते, एकेका बिटात दाबले तर ९६ एमबी. बिटांवर शोधून वरचे काहीशे निकाल मूळ अंकांनी पुन्हा तपासले की नुकसान बरेच भरून निघते. उतारे लाखाच्या आत असतील तर ग्राफ बांधूच नका, सरळ सगळे मोजा. साधा संगणकही ते पटकन करतो आणि निकाल अंदाजी नसतो.

प्रश्न : ग्रंथालयाच्या विषयसूचीला एसकेओएस या विषयसूची लिहिण्याच्या प्रमाणित पद्धतीत आणायचे आहे. दुसऱ्या संस्थांच्या सूच्यांशी जोडताना ‘सेम-ॲज’ वापरावे असे सुचवण्यात आले. योग्य आहे का?

सेम-ॲजला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा. तो ओडब्ल्यूएल या, वस्तू आणि त्यांचे संबंध यंत्राला कळतील असे लिहिण्याच्या भाषेतला संबंध आहे आणि त्याचा अर्थ ‘साधारण तेच’ असा नाही. ‘या दोन नावांची वस्तू एकच, एकीबद्दल जे खरे ते सगळे दुसरीबद्दल खरे’ असा तो करार आहे. शिवाय तो साखळीने पसरतो. समजा, एका कादंबरीच्या नोंदीला कोणी १९५२च्या आवृत्तीशी सेम-ॲजने जोडले आणि दुसऱ्या कोणी त्याच नोंदीला १९८७च्या आवृत्तीशी. तर्कयंत्र (नोंदींवरून नवे निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) निष्कर्ष काढणार की दोन्ही आवृत्त्या एकच. मग त्या एका वस्तूला दोन प्रकाशनवर्षे, दोन पृष्ठसंख्या, दोन प्रकाशक. ग्रंथालयांच्या जागतिक महासंघाने १९९८च्या एफआरबीआर अहवालात कृती, अभिव्यक्ती, आवृत्ती आणि प्रत असे चार थर वेगळे केले ते याच गोंधळासाठी. आधी तुमची नोंद कोणत्या थराची आहे ते ठरवा.

विषयसंज्ञा जोडण्यासाठी एसकेओएसचेच संबंध वापरा. २००९पासून ती वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यू-३-सी या संस्थेची शिफारस आहे. ‘एक्झॅक्ट-मॅच’ साखळीने पसरतो, ‘क्लोज-मॅच’ पसरत नाही. शंका असेल तिथे दुसरा. दुसऱ्या सूचीतली संज्ञा तुमच्यापेक्षा व्यापक असेल तर ‘ब्रॉड-मॅच’. या तिघांत प्रामाणिकपणे निवड केली की सुरुवातीला एक्झॅक्ट वाटलेल्या जोड्यांपैकी बऱ्याच क्लोज निघतात.

नावांबाबत : एका संकल्पनेला प्रत्येक भाषेत एकच मुख्य नाव, बाकी पर्यायी. ‘हिडन-लेबल’ हा तिसरा प्रकार लोक विसरतात. ‘मलेरीया’ अशी चुकीची पण नेहमीची रूपे तिथे ठेवायची. ती शोधात चालतात, पडद्यावर दिसत नाहीत. ‘कळ’सारखा शब्द वेदना, यंत्राचे बटण आणि भांडण अशा तीन अर्थांचा, त्याच्या तीन संकल्पना करा आणि प्रत्येकीला व्याप्तीची टीप द्या. समानार्थी शब्दांसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेले मराठी वर्डनेट आधाराला घेता येते, पण त्यातले गट डोळे मिटून शोधात ओतू नका. ‘कर’ला सारा, हात आणि किरण असे सगळे सोबती एकदम जोडले की करवसुलीच्या शोधात कविता येऊ लागतात.

उतरंड तपासण्याची कसोटी : ‘प्रत्येक क्ष हा य असतो का?’ प्रत्येक सायकल वाहन असते, म्हणून वाहन वरची संज्ञा. चाक सायकलचा भाग आहे, प्रकार नाही; ते त्या उतरंडीत बसवले तर ‘वाहन’ शोधणाऱ्याच्या पुढ्यात चाके, आरे आणि नळ्या येतात. शेवटी वर्तुळे शोधा : अ ब-खाली, ब क-खाली आणि क पुन्हा अ-खाली. हाताने बनवलेल्या मोठ्या सूचीत अशी एखादी फेरी निघतेच.

प्रश्न : ओडब्ल्यूएलमध्ये ‘लेखन’ या संबंधाचा कर्ता ‘व्यक्ती’च असावा असे घोषित केले. तरी कोणीतरी उलट नोंद केली, पुस्तकच कर्ता झाले, आणि यंत्राने चूक दाखवली नाही.

कारण तुम्ही लिहिले ते बंधन नव्हतेच. ‘डोमेन’ म्हणजे ‘ज्याने लेखन केले ती व्यक्ती’ असा निष्कर्षाचा नियम. पुस्तक कर्त्याच्या जागी दिसले तेव्हा यंत्राने पुस्तकाला व्यक्ती ठरवले आणि ते खूश. व्यक्ती आणि पुस्तक हे वर्ग परस्परविरोधी आहेत असे वेगळे सांगितले असते तरच विसंगती सापडली असती.

त्याच धर्तीवर, जन्मवर्ष नोंदलेले नसेल तर ओडब्ल्यूएलच्या लेखी ती चूक नव्हे. ते असेल, आपल्याला अजून कळलेले नाही इतकेच. आणि ‘आई एकच’ असा नियम करून दोन आया नोंदल्या तर तक्रार येत नाही, त्या दोन नावांची बाई एकच असल्याचा निष्कर्ष येतो.

तपासणीसाठी २०१७पासून शॅकल हे वेगळे मानक आहे. त्यात किमान किती मूल्ये, कमाल किती, कोणत्या प्रकारची, कोणत्या साच्यातली हे लिहायचे. भंग झाला की नोंदीसकट अहवाल मिळतो. भंगाला दोष, इशारा किंवा निव्वळ माहिती असे तीन दर्जे देता येतात. क्रम मात्र पाळा : शॅकल आधी, निष्कर्ष काढणारे यंत्र नंतर. उलट केले तर यंत्राने पुस्तकावर ‘व्यक्ती’ हा शिक्का आधीच मारलेला असतो आणि शॅकल त्याला सलाम ठोकून आत सोडते.

प्रश्न : विकिडेटा या खुल्या माहितीसंग्रहावरून लेखकांच्या जन्मतारखा घेतल्या. निम्मे लेखक १ जानेवारीला जन्मलेले दिसतात!

ते १ जानेवारीला जन्मलेले नाहीत, त्यांचे फक्त वर्ष माहीत आहे. विकिडेटात तारखेबरोबर अचूकतेचा आकडा असतो : ११ म्हणजे दिवस, १० महिना, ९ वर्ष, ८ दशक, ७ शतक. स्पार्कल या, असा संग्रह धुंडाळण्याच्या भाषेची सोपी वाट धरली की नुसते मूल्य मिळते आणि वर्ष-अचूक तारीख १ जानेवारी म्हणून छापली जाते. तपशीलवार मूल्याच्या नोडपर्यंत (त्या मूल्याच्या स्वतंत्र नोंदीपर्यंत) जाऊन अचूकताही मागवा आणि आपल्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना ठेवा.

सोबतच, एका लेखकाला दोन व्यवसाय आणि दोन जन्मस्थळांची नोंद असेल तर उत्तरात त्याच्या चार ओळी येतात. मोजणी करताना वेगवेगळे लेखक मोजा, ओळी नव्हे. मराठी नाव नसलेल्या नोंदीत नावाच्या जागी क्यू-क्रमांक, म्हणजे विकिडेटातला नोंदीचा क्रमांक, येतो, म्हणून भाषांचा उतरता क्रम द्या : मराठी, हिंदी, इंग्रजी. विकिडेटाची सार्वजनिक सेवा ६० सेकंदांनी क्वेरी तोडते. मोठे काम वर्षांच्या गटांत विभागा.

प्रश्न : मजकुरातली नावे ओळखून ज्ञानसंग्रहाशी जोडायची आहेत. ‘केंब्रिज’ नेमके कोणते, हे कसे ठरते?

तीन पायऱ्या. नाव कुठे आहे ते ओळखणे, उमेदवार गोळा करणे, त्यांतून निवडणे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे पहिली पायरीच निसरडी : ‘विजय मिळाला’ आणि ‘विजय मिळाला नाही, घरी नव्हता’ यांत फरक फक्त संदर्भाचा. शिवाय ‘केंब्रिजच्या’मधून प्रत्यय सोडवल्याशिवाय उमेदवार सापडत नाहीत. उमेदवार दहा-वीस पुरेत. पण खरा त्यांत नसेल तर पुढचे सगळे कष्ट व्यर्थ, म्हणून मोजमाप करताना ‘खरा उमेदवार यादीत होता का’ हे वेगळे मोजा.

निवडीत नुसता सर्वांत प्रसिद्ध उमेदवार घेतला तरी आकडेवारी चांगली दिसते. त्यावर भुलू नका. इंग्लंडमधले केंब्रिज बहुतेक वेळा बरोबर ठरेल. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाचा उल्लेख शेजारच्या वाक्यात असेल तिथे मॅसॅच्युसेट्समधले हवे, आणि तुम्हाला तीच प्रकरणे महत्त्वाची असतात. एकाच उताऱ्यातली नावे परस्परांना आधार देतात का, ते गुणांकनात घ्या. ‘यांपैकी कोणीच नाही’ हा पर्याय ठेवायलाच हवा. नाहीतर अनोळखी माणूस कुठल्यातरी प्रसिद्ध नावाच्या गळ्यात पडतो.

दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का हे पाहताना सगळ्या जोड्या तपासू नका. १०,००० नोंदींच्या ४,९९,९५,००० जोड्या होतात. आडनावाची पहिली दोन अक्षरे आणि जन्मदशक असे गट करून गटातल्या गटात तपासा, मग वेगळ्या निकषाने गट पाडून दुसरी फेरी घ्या. पहिल्या फेरीत आडनावच चुकलेल्या जोड्या दुसऱ्या फेरीत सापडतात. उच्चारावरून नावे जुळवणाऱ्या साउंडेक्स, मेटाफोन या पद्धती रोमन अक्षरांवर बेतलेल्या आहेत. देवनागरीवर त्यांचा उपयोग नाही.

प्रश्न : आमच्या कागदपत्रांवरून उत्तरे देणारी प्रणाली भाषा-मॉडेलवर उभी केली. कधी अचूक, कधी ठोकून देते. दोष कुठे शोधायचा?

आधी दोन दोष वेगळे करा : योग्य उतारा आणलाच नाही, की आणूनही मॉडेलने चुकीचे वाचले. प्रत्येक उत्तराबरोबर आणलेले उतारे नोंदवून ठेवले नसतील तर यापुढे काही शोधणे अशक्य. पन्नास प्रश्न जमवा, प्रत्येकाचा बरोबर उतारा हाताने खुणावा, त्यांत दहा प्रश्न असे घाला ज्यांचे उत्तर संग्रहात नाहीच. पहिल्या दहांत बरोबर उतारा किती वेळा आला हे आधी मोजा. तो आकडा कमी असेल तर मॉडेलला दिलेल्या सूचनांचे शब्द बदलत बसणे निरर्थक.

उतारा आला असूनही चूक होते तेव्हा तीन ठिकाणी बघा. एक, उतारे फार : लांब मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलांकडून सुटते, हे २०२३मधल्या संशोधनात दिसून आले आहे. वीसऐवजी पाच द्या. दोन, नकार : ‘परवानगी आहे’ आणि ‘परवानगी नाही’ यांची एम्बेडिंगे अगदी जवळ असतात, त्यामुळे उलट अर्थाचा उतारा वर येतो, इथे क्रॉस-एन्कोडर मदत करतो. तीन, ‘किती’ने सुरू होणारे प्रश्न. ‘१९६०पूर्वीची किती पुस्तके आहेत’ याचे उत्तर कोणत्याच उताऱ्यात लिहिलेले नसते. ते मोजावे लागते, आणि मोजणी डेटाबेसकडे. असे प्रश्न ओळखून एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) किंवा स्पार्कलकडे वळवा.

प्रश्न : तीन हजार नोंदींचा तक्ता आहे. ग्राफ डेटाबेस (नोंदी आणि त्यांच्यातले दुवे साठवणारा) घ्यावा का?

आत्ता नको. तक्त्यातच एक रकाना वाढवा आणि प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक द्या. त्या क्रमांकात वर्ष, विभाग, आडनाव असले काही भरू नका. विभाग बदलतो, आडनाव बदलते, आणि क्रमांक बदलावा लागला की बाहेरचे सगळे दुवे तुटतात. नोंद रद्द झाली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या नोंदीला देऊ नका. मग ओपनरिफाइन हे तक्ते साफ करण्याचे साधन घ्या. ते मोफत आहे आणि विकिडेटाशी नावे जुळवण्याची सोय त्यात आहे. पहिल्या फेरीत आपोआप जुळलेल्यांपैकी पन्नास नोंदी हाताने तपासा आणि जुळणीच्या आधी प्रकार ठरवून द्या, नाहीतर लेखकाच्या नावाशी त्याच्याच नावाचा रस्ता जुळतो. जुळलेला क्यू-क्रमांक वेगळ्या रकान्यात ठेवा, आपल्या क्रमांकाच्या जागी नव्हे. ग्राफ लागलाच तर याच तक्त्यातून एका दिवसात करता येईल.